पटावरची पाच नावं

आमच्या वाडीत यमुनाबाईंचं नाव अजून हात जोडून घेतात. कुणाची मुलगी नर्स झाली, कुणाच्या सुनेला पोस्टात नोकरी लागली, की म्हातारी माणसं म्हणतात, "बाईंनी वाट दाखवल्यानी." मी तिथे असले तर गप्प बसते. बाईंनी मला शिकवलं, मॅट्रिक केलं, मास्तरीण केलं. त्यांचे उपकार मी कुणासमोरही नाकारणार नाही. पण त्यांनी मला जसं फसवलं तसं पुढे आयुष्यात कुणी फसवलं नाही. त्या फसवणुकीत त्यांनी मला स्वतःबरोबर घेतलं, आणि मी गेले.

बाई मूळच्या इन्सुलीच्या. ट्रेनिंग केलेल्या, बिनलग्नाच्या, ठेंगण्या आणि विलक्षण भराभर चालणाऱ्या. काखेत कायम छत्री, पण ती उघडलेली मी फारशी पाहिली नाही. चैत्राच्या उन्हात बाजारपेठेतून डोकं तापवत जायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ती उघडीसर मी पोचतंय." भाऊशेठ नावाचे कौलांचे मोठे व्यापारी होते. त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली बाईंनी भाड्याने घेतली होती. खोलीत एक खाट, एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

वर्गात शिरल्या की पहिलं काम पेन्सिलींचं. सगळ्या मुलींच्या पेन्सिली गोळा करून उंबऱ्यावर बसायच्या आणि ब्लेडने एकेक तासायच्या. तासताना पाढे म्हणून घ्यायच्या. हजेरी मात्र त्यांची उलटी. पटावर बाजारातल्या मुलींची नावं वर होती, आमची तळाला. म्हणून त्या खालून सुरुवात करायच्या. शिकवताना आणि रागावताना त्या शुद्ध मराठी बोलायच्या. मालवणी यायची ती माया आल्यावर. त्यामुळे बाई मालवणीत बोलल्या की आम्हाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. गावात हायस्कूल होतं, पण ते मुलांचं. बाजारातली माणसं आपल्या मुलींना चौथीनंतर मुलांबरोबर बसवायला तयार नव्हती. ज्यांचं कुणी मुंबईला होतं ते मुलींना तिकडे धाडायचे, बाकीच्यांच्या घरी बसायच्या. मुलींचा वेगळा पाचवीचा वर्ग मिळावा म्हणून भाऊशेठनी अर्ज केला. वरून उत्तर आलं, की पंधरा मुली दाखवा, मग मंजुरी. बाजारपेठ धुंडाळून झाली तरी मुली दहाच भरल्या. पाच कुठून आणायच्या?

त्या पाच बाईंनी आमच्या वाडीतून आणल्या.

आमची वाडी समुद्राला लागून. सगळी रापणीवरची माणसं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोर धरून ओढायचं मोठं जाळं. पुरुष ओढायचे, बायकाही ओढायच्या, आणि मग मासळी विकायची किंवा खारवून सुकवायची. आमच्यातल्या काही मुली चौथीपर्यंत मराठी शाळेत जायच्या, पुढे कुणी गेली नव्हती. बाई आल्या तेव्हा बायका वाळूत सुकं पसरत होत्या. बाई सरळ वाळूवर बसल्या, छत्री बाजूला ठेवली आणि त्याही मासे उलटायला लागल्या.

केसरची आई, आम्ही तिला आनशीकाकी म्हणायचो, ती हसली. "बाई, हात घाण होतले."

"होवंदेत. धुतलंय काय जातली घाण." मग त्या म्हणाल्या, "माका तुमची पाच चेडवां होयी."

"चेडवां दिली तर म्हावरा कोण सुकयतला?"

"शाळा अकराची. तेच्या आदी सुकवूक सांग. उशीर झालो तर मी ओरडूचंय नाय."

माझी आई तोवर ऐकत होती. ती म्हणाली, "पण बाजारातल्या चेडवांच्या वांगडा आमच्या पोरींका कोण बसयतलो?"

"मी बसयतलंय," बाई म्हणाल्या. "मॅट्रिक होयसर मी तेंचो हात सोडूचंय नाय."

दिवस कलेपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत. केसर, चंद्रा, गुलाब, सुंदर आणि मी, रतन. पाचही नावं त्यांनी पदराला बांधलेल्या कागदावर लिहून घेतली, आणि मगच छत्री उचलली.

वर्गात त्यांनी शब्द पाळला. एका बाकावर एक बाजारातली आणि एक वाडीतली अशाच जोड्या. माझ्याशेजारी डॉक्टरांची भाची, केसरशेजारी खुद्द भाऊशेठची सुलभा. पहिल्याच आठवड्यात सुलभाने रुमाल नाकाला लावला. केसर मान खाली घालून बसली. बाईंनी ते पाहिलं. आम्हाला वाटलं आता शुद्ध मराठीत वीज कोसळणार. पण त्या मालवणीत म्हणाल्या, "वास सगळ्यांकाच येता गो. केसरीच्या अंगाक मासळीचो, तुझ्या अंगाक खोबरेलाचो, माझ्या अंगाक खडूचो. आठ दिवस बसा एकमेकींच्या कुशीक. मगे कोणाकच कोणाचो येवचो नाय."

आठ नाही, पंधरा दिवस लागले. पण खरंच यायचा बंद झाला.

मंजुरीसाठी शाळा तपासणारे डिपोटीसाहेब आले. बाईंनी आदल्या दिवशी आम्हा पाचजणींचे केस स्वतः विंचरले, वेण्या घातल्या. साहेबांनी बोटाने डोकी मोजली. पंधरा. मग सहज केसरला एक तोंडी हिशोब घातला. सात होड्या, प्रत्येकीत नऊ माणसं, त्यातली अकरा किनाऱ्यावर उतरली, राहिली किती? साहेबांचं वाक्य पुरं होण्याआधी केसर म्हणाली, "बावन्न." साहेब चमकले. त्यांनी विचारलं, "ही कोणाची मुलगी?"

बाई म्हणाल्या, "माझी."

केसरने ते घरी जाऊन किती वेळा सांगितलं याला गणती नाही. आनशीकाकी प्रत्येक वेळी नव्याने ऐकायची.

वर्ग मंजूर झाला. तो चाललेला पाहून जे बाजारातले लोक कुंपणावर बसले होते तेही पुढे आले. दसऱ्यापर्यंत आणखी सात मुली आल्या, एक तर मुंबईहून परत आणलेली. वर्ग भरून गेला. भिंतीशी दोन बाक जास्तीचे लावावे लागले.

त्याच दिवसांत सुलभाचा तो प्रकार झाला. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती केसरबरोबर थेट आमच्या किनाऱ्यावर आली. रापण ओढणं चाललं होतं. तिने परकर खोचला आणि दोराला हात घातला. तळहात सोलले, पण सोडला नाही. जाळं बाहेर आल्यावर दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला थोडी मासळी मिळते, तसा वाटा तिलाही मिळाला. परकराच्या ओच्यात दहा-बारा पेडवे घेऊन ती बाजारपेठेतून नाचत घरी गेली. वाटेत खोलीच्या दाराशी बाई दिसल्या तशी ओरडली, "बाई, माका वाटो गावलो!"

बाई हसून हसून दमल्या. त्यांनी तिच्या हाताला हळद लावून दिली. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

सुलभाच्या आईने ते पेडवे परसात फेकले, परकर धुवायलासुद्धा घेतला नाही. चार दिवसांनी शाळेच्या कमिटीची बैठक बसली. भाऊशेठ अध्यक्ष. आमच्या कानावर काहीच नव्हतं. सहामाही परीक्षा झाली होती, दिवाळीची सुट्टी लागायला दोन दिवस होते, आणि केसर व सुलभा एका पाटीवर दोन्हीकडून चित्रं काढत होत्या.

शनिवारी दुपारी बाईंनी मला खोलीवर बोलावलं. त्यात नवल नव्हतं. माझं अक्षर आणि बेरीज चांगली म्हणून त्या उत्तरपत्रिकांचे गुण माझ्याकडून मिळवून घ्यायच्या. आदल्याच दिवशी मी गणिताचा गठ्ठा पुरा केला होता.

"रतन, दार लोटून घे," त्या म्हणाल्या. मग शुद्ध मराठीत बोलू लागल्या. "केसर, चंद्रा, गुलाब आणि सुंदर सुट्टीनंतर वर्गात नसतील. तू असशील."

"कित्याक?"

"सरकारने संख्या कमी केली आहे. सहामाहीच्या गुणांप्रमाणे नावं ठेवायची आहेत."

मी अकरा वर्षांची होते, पण बेरीज माझ्या हातची होती. "बाई, केसरीक गणितात ब्याण्णव आसत. माझ्यापरास धा जास्त. सुलभाक तर चाळीस."

बाईंनी गठ्ठ्यावर हात ठेवला, जणू मी तो उचलून पळणार होते. बाहेर भाऊशेठच्या नोकराने विहिरीवर कळशी आपटली. मग त्या म्हणाल्या, "कमिटीवाले म्हणत होते, पाचही काढा. नाहीतर बाजारातल्या सगळ्या मुली उठवतो म्हणाले. मग वर्ग राहिला नसता, मीही राहिले नसते. मी एक मागून घेतली. तुला."

"माका कित्याक? केसरीक कित्याक नाय?"

"तू गप्प बसतेस म्हणून," बाई म्हणाल्या.

मला ते वाक्य तेव्हा नीट कळलंही नव्हतं. शाबासकीच वाटली असावी. कारण त्यांनी लगेच माझ्या केसांवरून हात फिरवला आणि मालवणीत सांगितलं, "ह्या वाडीत कोणाक सांगू नको हां, बाय. तुझापण नाव जायत."

तशाच त्या उठल्या, मला बरोबर घेतलं आणि वाडीत आल्या. केसर आणि बाकीच्या तिघी रापणीवर गेल्या होत्या. त्या नसताना यायचं हे बाईंनी ठरवलं होतं की तसं झालं, हे मी कधी विचारलं नाही. बायका जमल्या. माझ्या आईने पाट आणून दिला. या वेळी बाई वाळूवर बसल्या नाहीत, पाटावर बसल्या. त्यांच्या हातात एक कागद होता, खाली शिक्का असलेला. त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "सरकारचा हुकूम आला आहे. गुण कमी पडले त्या मुलींची नावं कमी करावी लागणार. माझा इलाज नाही."

कुणी भांडलं नाही. भांडतील असं मला वाटलं होतं. चंद्राची आई डोळ्यांना पदर लावून उठून गेली. आनशीकाकी एवढंच म्हणाली, "माझ्या केसरीचापण नाव आसा तेच्यात? तो सायब तर तिका शाबास म्हणालो होतो."

"आहे," बाई म्हणाल्या.

"काय लिवल्यानी हा तिच्याबद्दल?" काकीने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रतन, तू वाच गो. तुका वाचूक येता."

बाईंनी कागद माझ्या हातात दिला. मी वाचलं. खडूच्या पेट्या चार. डस्टर दोन. पाण्याच्या माठाला झाकणी एक. शाईची दौत मोठी एक. शाळेसाठी लागणाऱ्या सामानाची ती मागणी होती, खाली शाळेचा शिक्का होता.

मी वर पाहिलं. माझी आई माझ्याकडे अभिमानाने पाहत होती. वाडीतल्या बायकांसमोर तिची मुलगी सरकारी कागद वाचणार होती. आनशीकाकीने हात पदरात पुसून जोडले होते. बाई समुद्राकडे बघत होत्या.

मी वाचायला सुरुवात केली. "गुण कमी पडल्यामुळे खालील मुलींची नावं कमी करण्यात येत आहेत." यातलं एकही अक्षर त्या कागदावर नव्हतं. तरी मी शाळेत वाचते तशी, ठासून, विराम घेत वाचलं. मग चार नावं घेतली. केसरचं शेवटी घेतलं.

आनशीकाकीने हात खाली सोडले. "आमच्या चेडवांका डोक्याच नाय, तर बाई बापडी काय करतली?" ती म्हणाली आणि घरात जाऊन केळीच्या पानात बांधलेलं सुकं घेऊन आली. बाईंच्या हातात दिलं. "रागान जाव नको, बाई. तू आपणापरीन केलंस."

बाईंनी ते घेतलं. छत्री, कागद आणि ती पुडी घेऊन त्या गेल्या. भराभर.

संध्याकाळी केसरने मला विहिरीपाशी गाठलं. रडली नव्हती. हाताला दोराचे वळ होते. "माका गणितात किती पडले गो? तुका ठावक आसतले."

"बाईंनी दाखवल्यानी नाय," मी म्हणाले.

"मगे थोडेच आसतले," ती म्हणाली आणि कळशी डोक्यावर घेतली.

दिवाळीनंतर मी एकटी गेले. सुलभाने दोन दिवस "केसर खंय?" म्हणून विचारलं. तिलाही तेच सांगितलं गेलं, की त्या नापास झाल्या. तिने ते मान्य केलं. मुलं मोठ्यांचं ऐकतात. बाईंनी जोड्या बदलल्या, आता माझ्याशेजारी सुलभा बसू लागली. हजेरी मात्र वरून सुरू झाली. माझं नाव शेवटी यायचं आणि बाई ते घेताना पटावरून डोळे उचलायच्या नाहीत.

माझ्यासाठी त्यांनी काहीही कमी केलं नाही, हे सांगायला हवं. पुस्तकं दिली. आईला ताप आला तेव्हा डॉक्टरांना वाडीत आणलं. परीक्षेच्या महिन्यात मला रोज खोलीवर बसवून शिकवलं, स्वतःच्या ताटातली पेज वाढली. मी ती खायचे. पण त्यांच्याशी मालवणीत बोलणं मी सोडलं होतं, आणि त्यांनी कारण विचारलं नाही.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा कपाळाला लावला. त्यांचे डोळे भरले होते. "एक तरी वर काढलंय," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं गिळलेलं तेव्हा बाहेर आलं. "बाई, त्या कागदावर खडू आणि डस्टर होते."

"माहीत आहे."

"तुम्ही आमच्या आयांना खोटं सांगितलंत."

बाई पेढा हातात धरून बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. "मी खोटं नेलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्यावर त्यांनी थोडातरी संशय घेतला असता. पण वाचलंस तू. तू वाचलंस म्हणून ते खरं झालं."

मी उठून आले. वाटेत मला सुचलेली उत्तरं आजही सुचतात. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात कागद कुणी दिला? पण त्यातलं एकही उत्तर मला पुरं सोडवत नाही, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

मी पुढे ट्रेनिंग केलं, नांदगावला शाळेत लागले. सुट्टीत घरी यायचे. केसरचं लग्न वाडीतच झालं होतं. मासळी विकायला बाजारात बसायची. बाईंच्या दारावरून गेली की उत्तम ते त्यांच्यासाठी काढून ठेवायची. बाजारातल्या बायका तिच्याकडून मासळी घ्यायच्या त्या ती फसवत नाही म्हणून, आणि पाच गिऱ्हाइकांचे हिशोब एकाच वेळी तोंडी करते याची गंमत वाटते म्हणून. तिला स्वतःला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

अशाच एका जूनमध्ये ती माझ्याकडे आली. थोरल्या मुलीला पाचवीत घालायचं होतं. "तू वांगडा चल गो," म्हणाली. "थय माझी जीभ वळना नाय."

गेलो. मुलींच्या त्या वर्गाची आता स्वतंत्र शाळा झाली होती, बाई मुख्याध्यापिका. चष्मा आला होता, केस पांढरे झाले होते. टेबलापाशी शाळेचा कारकून होता. त्याने केसरकडे पाहून शाईचं पॅड पुढे सरकवलं. अंगठ्यासाठी.

"सही येता माका," केसर हसून म्हणाली आणि टाक घेऊन वळणदार अक्षरात नाव लिहिलं. मग मुलीला बाईंच्या पुढे केलं. "बाई, ह्येका तुमच्या हातात दितंय. माझ्यासारख्या मठ्ठ नाय हां ह्या. बापाशीवर गेलाहा. ह्येका तरी तुमका काढूची पाळी येवची नाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून काहीतरी निघेल असं मला क्षणभर वाटलं. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटलं असेल. कारकून पावती पुस्तकाची पानं उलटत होता. माझ्या समोर केसर उभी होती, तिच्या खांद्याला तिची मुलगी टेकली होती, आणि एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही. बाईंनी दौतीत टाक बुडवला आणि मुलीचं नाव पटावर चढवलं.

"पाया पड बाईंच्या," केसर मुलीला म्हणाली, आणि तिच्या आधी स्वतःच वाकली.

बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. केसरला वाटलं त्या संकोचतायत. ती गुडघ्यांवर बसली, खुर्चीखाली हात घातला आणि त्यांच्या पायांपर्यंत पोचली.